कात्री देणार असाल तर

सगळे तिला मास्तरीण म्हणत, कारण वीस वर्षं ती गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतायची आणि कापायची. आठ महिने मनोरुग्णालयात काढून ती घरी आली, तेव्हा वहिनीनं उत्तर तयारच ठेवलं होतं.

"ताई, कुणी विचारलं तर सांगा, मामींच्या आजारपणात गेले होते."

"मामी जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना आता कशाला त्रास?"

कारखान्याच्या मालकानं तोंडभरून स्वागत केलं आणि तिला बटणं निवडायला बसवलं. मोठी कात्री कपाटात कुलूपबंद होती. दोन दिवस तिनं पांढरी बटणं एकीकडे, निळी एकीकडे केली. तिसऱ्या दिवशी ती मालकासमोर उभी राहिली.

"कात्री द्या."

"अगं, डोक्याला ताण नको तुझ्या. आराम कर."

"आराम आठ महिने केला. तुम्हाला माझी काळजी नाही, भीती वाटतेय. तसं सरळ सांगा."

तिनं बटणांचा डबा मालकापुढे सरकवला आणि ती निघाली. रस्त्यावर येईपर्यंत थांबली नाही.

मग पाच दुकानं पालथी घातली. मधले महिने कुठे होतात, याचं ती खरं उत्तर द्यायची, आणि जागा नेमकी कालच भरलेली निघायची.

थोरला भाऊ वैतागला. "जिभेला जरा आवर घाल ना!"

"लाज वाटावी असं मी काय केलंय, दादा?"

भाऊ चपला घालून बाहेर निघून गेला.

सहाव्या दुकानात एक म्हातारा कोट शिवायचा. डोळ्यांनी दगा दिलेला, म्हणून कापणारं माणूस हवं होतं. तिनं दारातच सांगून टाकलं, "मनोरुग्णालयात होते. गोळ्या चालू आहेत. कात्री देणार असाल तर आत येते."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "बाही बेतता येते?" आणि एक जुनी चादर पुढे केली.

"चादरीवर काय कळणार? कोटाचं कापड द्या."

म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकाचं लोकरी कापड अंथरलं. तिनं खडू उचलला.

"हात थरथरतोय तुमचा."

"गोळ्यांनी. थरथरू दे. तुम्ही रेघ बघा."

नाक कापडाला टेकेस्तोवर तो वाकला. रेघ सरळ होती. त्यानं कात्री तिच्यापुढे ठेवली.

महिन्याभरानं माप द्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं तिला ओळखलं. तो म्हाताऱ्याच्या कानाशी लागला, "ही ती... तीच ना?"

"तीच," मास्तरीण मोठ्यानं म्हणाली. "हात वर करा. आणि पोट आत ओढू नका साहेब, कोट घालून दिवसभर श्वास रोखून बसणार आहात का?"