मजुरी सक्त की खरी?

धोंडूकाकाला कोणी कामाला बोलावलं की तो आधी विचारायचा, "मजुरी सक्त की खरी?" नवखा माणूस गोंधळायचा. वाडीतले हसायचे. मी हसत नसे. तो प्रश्न माझ्यामुळे सुरू झाला होता.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. धोंडूकाका आमचा शेजारी. एका उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा नांगर मोडला. नवा करायला त्याने राखीव जंगलातलं झाड तोडलं आणि गार्डाने त्याला खांद्यावरच्या लाकडासकट धरलं. महाडच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. तीस रुपये दंड झाला. भरायला आठ दिवस मिळाले, हातात एक कागद मिळाला. तीस रुपये येतील असं त्याच्याकडे एकच होतं, बैल. पण जोडीतला एक विकला तर नांगर कोण ओढणार?

तो कागद घेऊन आमच्या ओट्यावर आला. मी तेव्हा नुकतीच चौथी पास झालेली. वाडीत वाचता येणारी मी एकटीच.

"वाच गो मास्तरीणबाय."

मी ठसक्यात वाचलं, "दंड न भरल्यास एक महिना सक्तमजुरी."

"म्हंजे काय गो?"

'सक्त' मला ठाऊक नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली. "काम करायचं, मजुरी मिळायची," मी म्हटलं.

"मग दंड भरतोय कोण! महिनाभर खपतो, पैसं घेऊन येतो."

त्याची बायको भागीकाकू म्हणाली, "आन् लावणी? ती काय साहेब येऊन करनार हाय?"

"मजुरी आली की मानसं लावू. तुला लुगडं पन घेतो."

"लुगडं नको. बैल इका नि घरात ऱ्हावा."

त्याने ऐकलं नाही. तुरुंगात महिनाभर खडी फोडली. सुटला त्या दिवशी फाटकात मजुरी मागत उभा राहिला. शिपाई म्हणाला, "सासुरवाडीला आला होतास काय रे, आहेर मागायला?"

तो परत आला तोवर लावणी उलटून गेली होती. भावकीने नांगरून दिलं होतं, पण काकूच्या एकटीच्या हाताने अर्धंच शेत लागलं. त्यांचं भात पौषातच संपलं. पुढे रानातले कंद उकडून खाल्ले. बैल मात्र गोठ्यात होता.

पाणवठ्यावर तो भेटला तेव्हा मी तोंड फिरवलं. तो म्हणाला, "मास्तरीणबाय, मजुरी दोन जातीची असते. एक सक्त, एक खरी. शाळेत सांग."

एवढंच बोलला. पुढे ही गोष्ट तो स्वतःच बाजारात रंगवून सांगायचा. कागद कोणी वाचला असं कोणी विचारलं, तर म्हणायचा, "वाचनार कोन? मीच हुंगला." वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यासमोर माझं नाव कोणी काढलं नाही.

काही वर्षांनी तो तापाने गेला. त्यांचा मुलगा पहिल्यापासून मुंबईला गिरणीत होता. काकूने कार्ड लिहायला मला बोलावलं. मी 'निधन' असं लिहिलं. मुलाला वाचता येत नव्हतं. तिकडे त्याला कोण वाचून दाखवणार आणि काय अर्थ सांगणार, कोणास ठाऊक. मी 'निधन' खोडलं आणि लिहिलं, 'बाप मेला. ये.'