गुळव्यानं पारखलेलं तेल

तेलाचा डबा कितीही निथळा, बुडाशी थोडं उरतंच. किश्श्यांचंही तसंच. सगळे सांगून झाले म्हणून मी निवांत टेकतो, आणि पारावरचं कुणीतरी विचारतं, "नामाबापू, त्या ट्रकच्या तेलाचं काय झालं हुतं वो?" झालं! डबा पुन्हा कलंडतो.

तर आमचे आबा म्हणजे कन्हेरीचे बागायतदार. मोठी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेला एक ट्रक त्यांनी घेतला होता. चारी चाकांनी ओढणारा. चिखल म्हणू नका, ओढा म्हणू नका, नांगरट म्हणू नका, कशातनंही निघायचा. मी त्याचा ड्रायव्हर. वरकुट्याची वांगी, कांदे भरायचे आणि भिगवणच्या स्टेशनावर आगगाडीला घालायचे.

इंजिन बिचारं मांजरासारखं घुरघुरायचं. रडायचं ते खालचं गिअरचं खोकं! लांबून ऐकलं तर वाटावं, शिवारापलीकडं कुणीतरी सनई धरलीय आणि त्याला सूर काही सापडत नाही.

*

वरकुट्याच्या पाणंदीत तात्या पाटलांच्या बैलांनी तो सूर पहिल्यांदा ऐकला, आणि गाडीसकट उसात शिरले. मागनं तात्या बाहेर आले ते पटक्यात पाचट अडकवून.

"आबा, बेंदराला बैलं सजवायच्या आत ह्याचं रडं थांबवा. न्हाय तर आमच्या पाणंदीत चाक घालायचं न्हाय!"

दुसरी वाट नव्हती. पाणंद बंद झाली असती, तर ट्रक दारात उभा करून त्याच्यावर भोपळ्याचा वेल चढवायचा, एवढंच आमच्या हातात राहिलं असतं.

*

पहिला इलाज काकींचा, म्हणजे आबांच्या घरच्यांचा. त्या म्हणाल्या, "पोरांच्या पोटात गुरगुरलं की आपण काय देतो? एरंडेल!"

आबांना पटलं. बैलगाडीच्या आसाला एरंडेल चालतं, मग ह्याला का नको? ओतलं खोक्यात. ट्रक गप्प झाला की! आबा खूश. पण बाजारापर्यंत जाऊन येईस्तोवर खोक्याच्या खालनं तेल गळून गेलं आणि सनई पुन्हा सुरू.

बारामतीचा आमचा मिस्त्री ट्रकखाली शिरला. बराच वेळ खालनं नुसते पाय दिसत होते. मग आवाज आला, "आबा, जुलाब थांबल्यात. आता ह्याला मऊ भात घाला!"

*

इंदापूरच्या एका गाड्यांच्या दलालानं सांगितलं, "तेलात लाकडाचा भुसा कालवा. गिऱ्हाइकाला कळतसुदीक न्हाय."

आबा सुताराकडं निघालेच होते. मिस्त्री म्हणाला, "रडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला म्हंजी त्याचं दुखणं गेलं का? दात झिजल्यात त्याचं. दातादातात गादी पायजे. जाड तेल बघा."

आबा खाली बसले आणि हळूच म्हणाले, "म्हातारपणी आपलंबी तेच हाय की."

*

जाड तेल म्हणजे किती जाड? तेलाच्या दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. एक नव्वद नंबर, एक त्याहून जाड, एकशेचाळीस.

आबांचा नंबरावर भरवसा नव्हता. त्यांनी आपल्या गुऱ्हाळावरचा गुळव्याच सोबत आणला होता. काहिलीतल्या रसाचा गूळ कधी होणार, हे बोटांनी सांगणारा माणूस!

गुळव्यानं नव्वद नंबरचा थेंब चिमटीत धरला, बोटं फाकली. तार तुटली.

"कच्चा हाय. अजून एक उकळी पायजे."

"अवो, हे काय गुऱ्हाळ हाय का?" दुकानदार ओरडला.

मग एकशेचाळीस. तार लांबली, लांबली, उन्हात मधासारखी चमकली. आम्ही सगळे तिच्याकडं बघतच राहिलो. दुकानदारसुद्धा! आणि गुळव्यानं, जन्माच्या सवयीनं, बोट तोंडात घातलं.

त्यानं डोळे मिटले, सावकाश चव घेतली.

"गोडी न्हाय," तो म्हणाला, "पर हेच घ्या."

*

ते तेल घातलं आणि खोकं असं निजलं, की काकीच वैतागल्या. सनई ऐकू आली की त्या तवा ठेवायच्या. आता आबा एकदम चुलीपुढंच उभे!

"आवाज तरी करत जावा की! माणूस हाय का मांजर?"

*

बेंदूर तोंडावर आला. तात्या पाटलांचा निरोप आला, "पाणंदीत मी सोता बैलगाडी घिऊन असंन. हॉर्न वाजवायचा न्हाय. बैल बुजलं, की तितनंच माघारी."

दुपार कलली होती. दोन्हीकडं ऊस, वर बाभळी, आणि पिवळी फुलं एकेक करून बैलांच्या पाठीवर पडत होती. पुढं तात्यांची गाडी. कासरा ढिला, हनुवटी छातीवर. तात्या झोपलेले! बैल आपले वाट ओळखीची म्हणून चालले होते.

"उठवू का?" आबा कुजबुजले.

"नगा आबा. तात्या दचकलं तर बैल दचकतील."

मग मी ट्रक सगळ्यात खालच्या गिअरात टाकला आणि बैलांच्या पावलांनी मागं निघालो. थोड्या वेळानं आबांचीही मान कलली. मला तर वाटायला लागलं, की ट्रक चालतच नाहीये, ऊसच हळूहळू मागं सरकतोय.

असे आम्ही वरकुट्याच्या वेशीत शिरलो. तिथली माणसं उठून उभी राहिली. एकजण ओरडला, "तात्या! ट्रक बंद पडला व्हय? बैलांनी वडून आणला?"

तात्यांनी डोळे उघडले. पटका सारखा केला. मागं वळूनही न बघता म्हणाले,

"कुठला ट्रक?"