दहा किलोओहम

ज्याच्यावर आरोप करायचा त्याला आधी विचारायचं, हे मी मुंबईच्या एका वृत्तपत्रात नवीन वार्ताहरांना वीस वर्षं शिकवलं. टोकियोच्या निशी-कसाई भागात राहायला आल्यावर ते मीच पाळलं नाही.

इथल्या एका वृद्ध कारागिराकडून मी गाणी ऐकायला व्हॉल्व्हचा जुना प्रीअँप, म्हणजे आवाजाचा सिग्नल आधी सावरणारा अँप, घेतला. ते एकटेच दुकान चालवत. जाहिरात नव्हती, एकाने दुसऱ्याला सांगावं, तेवढीच गिऱ्हाइकं. घरी प्रीअँप स्पीकर चालवणाऱ्या माझ्या पॉवर अँपला जोडला, तर तबल्यातला डग्गा जवळजवळ नाहीसा. मी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं : 'प्रीअँप सदोष. हे दुकान टाळा.' सोबत दुकानाचा फोटो. त्यानंतर त्या कारागिरांना फोन केला. क्रम हाच होता.

शनिवारी ते चाकांची बॅग ओढत आले. दारातच वाकून माफी मागितली, मिठाईचा डबा पुढे केला. माझी शाळकरी मुलगी दुभाषी झाली. त्यांनी माझा पॉवर अँप फिरवून मागची पट्टी वाचली. इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अवरोध, दहा किलोओहम. त्यांच्या प्रीअँपचा आउटपुट इम्पीडन्स पाच. पॉवर अँपचा आकडा प्रीअँपच्या निदान दहापट हवा, नाहीतर खालचे सूर गळतात. त्यांनी बॅगेतून दुसरा, लहान पॉवर अँप काढून जोडला. डग्गा घुमला.

"दोन्ही मशीन्स ओके आहेत, फक्त एकमेकांशी जमत नाहीत," मुलगी सांगत होती. "घरी कुठला अँप आहे हे विकताना विचारायला हवं होतं, असं म्हणतायत. मिस्टेक त्यांची."

मग मराठीतच, माझ्याकडे न बघता : "बाबा, ग्रुपवरचं सांगू?"

"नको."

"का पण?"

"चहा आण."

ती जपानीत काहीतरी पुटपुटत आत गेली. ते म्हाताऱ्यांना ऐकू आलं असावं; ते वायर गुंडाळत राहिले. जाताना लहान अँप ठेवून गेले. योग्य जोडी मिळेपर्यंत वापरा, म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवरचा मजकूर पुसला. वृत्तपत्रात चूक झाली की दुरुस्ती छापतात. मी छापली नाही.

पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये त्याच ग्रुपवरचे एक शेजारी भेटले. "तुमच्यामुळे वाचलो हो! त्या म्हाताऱ्याकडून टर्नटेबल घेणार होतो. कॅन्सल केलं."

"त्यांचं मशीन चांगलं होतं. चुकीच्या अँपला मी जोडलं."

"अहो, मग लिहा की तसं! आणखी दोघांनी बेत बदललाय."

"लिहितो," मी म्हणालो.

अजून लिहिलेलं नाही.