बेबीनंदाबाईंच्या घरचा उपास

स्टेशनमागच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत बेबीनंदाबाई लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचे, उपास करत नाहीत, याचं सगळ्यांना फार वाईट वाटायचं. दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झालेली ही विधवा बाई. अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. उपासनेत त्या गाऊ लागल्या की पेटीवाल्याला मागून धावावं लागतं. लेंटमध्येही दुपारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा निवांत खायच्या.

आमचे उपास मात्र पाहण्यासारखे. पूर्वी आम्ही फक्त मटण सोडायचो. यंदा बँकेतल्या साधनाबाईंनी सुचवलं की कडक उपास धरू, धान्यच सोडू. हे शेजारच्या एकादशीवरून आलं होतं, पण कुणी तसं म्हटलं नाही. लेंटभर रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. यंदा प्रार्थनेनंतर साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी येऊ लागली. साधनाबाईंनी रताळ्याचा शिरा केला त्या दिवसापासून प्रार्थना आखडल्या आणि पंगती लांबल्या. आमचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांना तर पट्ट्याला नवीन भोक पाडून घ्यावं लागलं.

मंडळीची एक जुनी रीत आहे. स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची आणि रविवारी चर्चमधल्या डब्यात आणून टाकायची. त्या डब्यावर मागच्या पत्र्याच्या खोलीतली गोजरबाई आणि तिची नात शालू जगतात. शालूला आईबाप नाहीत, आजीला नीट दिसत नाही. दोघी मंडळीतल्या नाहीत, पण ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

यंदा डबा रिकामा राहू लागला. ज्वारी-तांदूळ काढायचेच नाहीत, तर मूठ कशातून ठेवणार? बेबीनंदाबाईंची एकटीची ज्वारी डब्याच्या तळाशी दिसायची. तेवढ्यात गोजरबाईचा मुलगा, शालूचा काका भारत येऊन गेला. तो वीटभट्टीवर काम करतो. "आये, तुझं तुला पुरंना. पोरीला मी भट्टीवर घेऊन जातो," म्हणाला. "रविवारी येतो." शालू चौथीत आहे.

बेबीनंदाबाईंनी ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर घातली.

"आपण प्रार्थना करून राह्यलो ना, मावशी," ते म्हणाले.

"प्रार्थनेसंगं तुम्हाला आमटी असती, साहेब. पोरीला काय असतं?"

साधनाबाई शेजारीच होत्या. "तुम्ही आधी उपास धरा, मंग आम्हाला शिकवा."

"मी उपास धरला तर डब्यात काय टाकू? तुमचा शिरा?"

शनिवारी प्रार्थना बेबीनंदाबाईंच्या घरी होती. दुपारपासून पोटात जागा राखून आम्ही सगळे गेलो. बाईंनी प्रत्येकाला पेलाभर पाणी दिलं आणि गोजरबाईला व शालूला आत जेवायला बसवलं. दार उघडंच होतं. पिठल्यातल्या लसणाच्या फोडणीचा वास बाहेरच्या खोलीत फिरत होता. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं, पण त्यांना वचन सापडेना.

"मावशी, आमचं काय?" साधनाबाईंनी शेवटी विचारलं.

"तुमचा उपास हाय ना? पोटभर करा. तुम्ही न खाल्लेलं कुणाच्या तरी ताटात पडू द्या. ते न्हाई पडलं तर तो कसला उपास? नुसता जेवणातला बदल."

कुणीतरी हसलं. बहुतेक पाळकसाहेबच. साधनाबाई तडक उठून गेल्या आणि थोड्या वेळानं स्कूटीवर अर्धं पोतं ज्वारी घेऊन परत आल्या. ते दारात आपटून म्हणाल्या, "तुमच्या घरी मी परत पाय ठेवणार न्हाई."

"नका ठेवू. पोतं पाठवत जा."

मग बाकीच्यांनाही घरी जाऊन बसवेना. सकाळपर्यंत डबा भरून गोण्या बाहेर ठेवाव्या लागल्या.

भारत आला तेव्हा बेबीनंदाबाई गोणीवरच बसल्या होत्या. "खायला पुरंना म्हणून नेत होतास ना? आता पुरतंय. का भट्टीवर दोन हात कमी पडून राह्यले?"

 भारतनं चहा घेतला, शालूच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला आणि एकटाच परत गेला.

साधनाबाई अजून बेबीनंदाबाईंशी बोलत नाहीत. मूठ मात्र दर रविवारी न चुकता आणतात, आणि सगळे बघत असतील तेव्हाच, बऱ्याच उंचावरून डब्यात सोडतात.