लाल बटणावरचं ‘बंद’

मी जळगावात एका लहानशा कंपनीत काम करते. मोबाईलवरच्या ॲपचा स्क्रीन कसा दिसावा, बटण कुठे असावं, त्यावर कोणता शब्द लिहावा, हे ठरवायचं माझं काम. त्याला यूजर इंटरफेस डिझाइन म्हणतात. धुळ्याला आई शेजारणींना सांगते, मुलगी मोबाईलची चित्रं काढते. मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण तेही फारसं चूक नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे शेतातल्या पाण्याच्या मोटरसाठी एक ॲप करायला आलं. घरी बसून विहिरीवरची मोटर चालू-बंद करायची, एवढंच त्याचं काम. मी पहिला स्क्रीन केला तेव्हा वर एक ओळ होती, ‘मोटर चालू आहे’, आणि खाली बटण, ‘बंद करा’. बैठकीत साहेब म्हणाले, अक्षरं फार झाली, जरा मोकळं ठेवा. मलाही ते पटलं. मी वरची ओळ काढली, बटण मोठं गोल केलं आणि त्यावर एकच शब्द ठेवला. मोटर चालू असली की बटण लाल, त्यावर ‘बंद’. मोटर बंद असली की बटण हिरवं, त्यावर ‘चालू’. दाबल्यावर काय होईल ते बटणावर लिहायचं, असा माझा हिशेब होता. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, सगळ्यांना झकास वाटलं. दाखवलेल्यांपैकी एकाच्याही घरी विहीर नव्हती.

माझी मोठी बहीण जामनेरजवळच्या एका खेड्यात दिलेली. केळी आणि कपाशीचं घर. जळगावहून एसटीने गेलं तर तासाभराचा रस्ता. स्क्रीन पक्का करण्याआधी तिच्या हातात द्यावा, हे मला सुचलं नाही. ॲप तयार झाल्यावर मात्र मी हौसेने गेले आणि स्वतः तिच्या फोनमध्ये टाकून दिलं. तिच्या सासूला म्हणाले, आता अक्काला मोटर चालू करायला मळ्यात जायला नको.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी भाऊजी मळ्यात होते. ठिबकचा फिल्टर गाळाने भरला होता, तो उघडून धुवायचा होता. वीज गेलेली, मोटर मुकी. तरी सावधगिरी म्हणून त्यांनी घरी फोन केला. “मोटर बंद आहे का, बघ.”

अक्काने ॲप उघडलं. मोठं लाल बटण, त्यावर ‘बंद’. ती म्हणाली, “बंद आहे.”

त्यांनी झाकणाची पकड सैल केली आणि वीज आली. ॲपमध्ये मोटर चालूच ठेवलेली होती, वीज नसतानाही; ती आपोआप सुरू झाली. पाण्याच्या जोराने झाकण उडालं ते त्यांच्या उजव्या हातावर बसलं. दोन बोटांची हाडं मोडली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा भाऊजींना आत नेलं होतं. अक्का बाहेर बाकावर बसली होती. शेजारी तिच्या सासूबाई. त्या मला म्हणाल्या, “बारावी झालेली बाई. एक शब्द वाचता आला नाही.” अक्काने मान वर केली नाही. सासूबाई चहाला गेल्यावर ती माझ्याशी आमच्या धुळ्याच्या बोलीत बोलली, चूक तिचीच, तिने नीट पाहिलं नाही. “मनीच चूक शे. मी नीट दखं नही.”

मी म्हटलं, फोन दाखव. तिने ॲप उघडून माझ्या हातात दिला. लाल गोल, पांढरं अक्षर. मीच निवडलेला लाल. मी तिला विचारलं, “तुला काय वाटलं?”

“लाल म्हंजे थांबेल. वर लिखेल शे बंद. मंग बंदच ना?”

लाल म्हणजे थांबलेली, वर ‘बंद’ लिहिलेलं; तिने वाचलं ते बरोबरच होतं. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात: एखादी वस्तू आत्ता कशी आहे आणि दाबल्यावर काय होईल, या दोन गोष्टी वेगळ्या दाखवाव्यात. पहिलीला स्टेट म्हणतात, दुसरीला ॲक्शन. मी दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला होता, स्क्रीन मोकळा दिसावा म्हणून. मी तिला सांगितलं, “अक्का, तू बरोबर वाचलंस. चूक बटणाची आहे. ते बटण मी केलंय.”

ती आत बघत म्हणाली, “हाई घरमा सांगू नको. मनं मी दखी लिसू.” तिचं ती बघून घेईल. चूक सुनेची असली तर चार दिवस बोलतील, माहेरची निघाली तर जन्मभर, हे तिने न बोलताही मला कळलं. आणि मी गप्प राहिले. तिच्यासाठी राहिले, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

आठवड्याने भाऊजींना घरी आणलं. मी भेटायला गेले, तर अक्का त्यांना भरवत होती आणि सासूबाई कुणा पाहुण्याला तीच गोष्ट सांगत होत्या, एक शब्द वाचता न येण्याची. अक्का शांतपणे भाकरी कुस्करत होती. मला तिथे बसवेना. पाहुणा गेल्यावर मी सासूबाई आणि भाऊजींसमोर सगळं सांगितलं, फोन हातात धरून, कोणत्या शब्दाने कसा घोटाळा झाला ते.

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे दोघी बहिणींनी मिळून केलं.”

भाऊजी पट्टीतल्या हाताकडे बघत म्हणाले, “मळ्यातल्या मोटरचा खटका मीच पाडायला पाहिजे होता. आळस केला.” अक्का उठून चुलीकडे गेली. मला वाटलं होतं, तिचं ओझं हलकं होईल. ती माझ्यावर रागावली होती.

ऑफिसात साहेब आधी म्हणाले, इतके लोक वापरतात, तक्रार तर कुणाची नाही. मी म्हटलं, तक्रार कशी येईल, ज्याचं चुकतं तो स्वतःलाच अडाणी समजतो. मग ते म्हणाले, बदला. मी वरची ओळ परत आणली, ठळक अक्षरात. बटणावर नुसता शब्द न ठेवता पूर्ण ‘बंद करा’ लिहिलं. वीज आल्यावर मोटर सुरू होणार असेल, तर तेही शब्दांत लिहिलं. पण ज्यांच्या फोनमध्ये जुनं ॲप होतं, त्यांच्यातल्या कितीजणांना कुणी बोल लावला असेल, हे मला कळायला मार्ग नाही.

या वेळी मात्र आधी अक्काकडे गेले. ओट्यावर तिच्या हातात फोन दिला आणि विचारलं, “मोटर आत्ता कशी आहे?” तिने फोन माझ्याकडेच वळवला. “तूच सांग ना,” ती म्हणाली.

“अक्का, परीक्षा तुझी नाहीये. स्क्रीनची आहे.”

तिने ओळ वाचली, दोनदा. “चालू शे.” मग माझ्या तोंडाकडे बघून, “ना?”

भाऊजींचं एक बोट पुरतं वळत नाही. केळीची पानं ते आता डाव्या हाताने कापतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत. अक्काचा राग कधी गेला ते कळलं नाही. फोनवर आम्ही पहिल्यासारख्या बोलतो. अधूनमधून ती मध्येच थांबून विचारते, बंद दिसतंय, म्हणजे बंदच ना. मी हो म्हणते. तरी, भाऊजी सांगतात, ती फोन पदराला पुसते, चपला घालते आणि मळ्यात जाऊन मोटर बघून येते.