किडकं वांगं वर

बाबा गेल्यावर घरात बोलायला उरला तो एक लॅपटॉप. अन् तोही विचारायचा काय, तर मी कोण!

अमेरिकेतल्या एका गटाला वांग्यातल्या अळीवर काम करायचं होतं. तिथल्या केंद्र सरकारकडे अनुदानाचा अर्ज जायचा होता आणि माझ्या जुन्या मार्गदर्शक बाईंनी पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेतून माझं नाव सुचवलं होतं. त्यासाठी बायोस्केच लिहायचं. म्हणजे संशोधकाची ओळख: शिक्षण, नोकऱ्या, शोधनिबंध, आणि सगळ्यांच्या आधी एक उतारा, या कामाला मीच कशी योग्य. आपली आरती आपणच ओवाळायची! पण हा अर्ज हुकला तर प्रयोगशाळेचं दार मला पुन्हा उघडणार नाही, हे पक्कं माहीत होतं. मला परत जायचं होतं. अनसिंग गावातल्या त्या घरात भिंतींशी बोलून बोलून मी कंटाळले होते.

अडचण होती मधल्या चार वर्षांची. आई आधीच गेलेली, त्यात बाबांना लकवा झाला आणि मी नोकरी सोडून घरी आले. त्या वर्षांत एक ओळही लिहिली नाही. चादरी बदलल्या, औषधं दिली, त्यांना कुशीवर वळवलं. याला कोणी शोधनिबंध म्हणत नाही.

बाई फोनवर म्हणाल्या, "ते शेवटी एका वाक्यात टाक. आधी तुझं काम येऊ दे."

"बरं," म्हटलं. लिहायला बसले तर हात चालेना.

बाबा आठवडी बाजारात वांगी विकायचे. चांगला माल वर आणि किडका खाली, ही सगळ्या बाजाराची रीत. बाबांचं उलटं. किडकी वांगी ढिगावर सगळ्यांत वर. शेजारचे विक्रेते हसायचे, "काहून बा, किड्यायचं दुकान लावलं काय?" लहानपणी मीही चिडायची. बाबा म्हणायचे, "घेनाऱ्याले पह्यले किडकं दिसू दे, माय. घरी जाऊन सापडलं तं तो पुन्हा येत नाई." संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन दारातूनच ओरडायचे, "माल गेला वं!" मी चुलीपासून ओरडायची, "हात धुवा, भाकर गरम आहे!" कधी माल जायचा नाही, त्या दिवशी गुपचूप आत यायचे.

मी पहिलंच वाक्य लिहिलं की चार वर्षं वडिलांची सेवा करत होते, त्या काळात माझं काहीही प्रसिद्ध झालेलं नाही. बाकीचं काम त्याखाली.

मसुदा वाचून बाईंनी फोन केला, भडकल्याच. "अगं, वाचणाऱ्यांसमोर अर्जांचा ढीग असतो. पहिल्याच ओळीत रिकामी वर्षं? वेड लागलंय का तुला?"

"असू द्या, बाई. आहे ते आहे."

"तुझी मर्जी," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आग लागो माझ्या हट्टाला! बाबांचा माल फार तर संध्याकाळपर्यंत पडून राहायचा, मी जन्मभर पडून राहीन. विचारायला कोणी नव्हतं. त्यांच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती, तिच्याकडे बघून विचारलंसुद्धा, "बाबा, वर ठेवू का खाली?" गादी काय बोलणार, कपाळ! अर्ज तसाच पाठवला.

बरेच महिने गेले. एका संध्याकाळी शेजारणीकडून विरजण घेऊन येत होते, तर दारातच फोन वाजला. बाई होत्या. "मंजूर झाला गं!"

"त्या पहिल्या ओळीबद्दल काही म्हणाले?"

"कोणी चकार शब्द काढला नाही," त्या हसल्या. "आता आवर आणि पुण्याला ये."

फोन ठेवला. सांगावं कोणाला? दारातच तोंडातून मोठ्यानं निघालं, "माल गेला, बाबा!"

चुलीपाशी आता कोणीच नव्हतं. मला रडू फुटलं. मग मीच मला म्हटलं, हात धू. हात धुतले. भाकर मात्र सकाळचीच होती.