यूपीएससाठी लावलेल्या पाकळ्या

आमच्या पेडण्याला तेव्हा वीज माहेरवाशिणीसारखी होती. आली म्हणेपर्यंत निघाली. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती आणि मी घरात कॉम्प्युटर मांडून लग्नपत्रिका करायला बसले होते. थोरल्या काकाला पत्रिका मराठीतून हवी, नवरीला कोकणीतून. मी दोघांनाही 'होय' म्हणायची. कॉम्प्युटरचा सर्टिफिकेट कोर्स केलेला, त्यामुळे तालुक्यात शहाणी काय ती मीच, अशी माझी समजूत. मान एवढी ताठ, की शेजारीण जनेलातून हाक मारी तर मी अख्खी खुर्चीच वळवायची.

एका दुपारी नवरीच्या बापासमोरच वीज गेली. जुळवत आणलेली पत्रिका पुसली गेली. पुन्हा केली, पुन्हा गेली. त्या बिचाऱ्यानं टोपी घातली आणि म्हापशाचा छापखाना गाठला.

"असांच चललां तर विकून उडवया गो," नवरा म्हणाला. "मेज तरी मोकळां जायत."

सासूबाईंचं दुखणं वेगळंच. परकी माणसं येऊन वसरीवर बसतात, हे त्यांना रुचत नसे. त्या तसं बोलत नसत, पण पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवत. म्हणजे आता पत्रिका जरा कुठे घसरल्या, की माझं काम संपलंच.

यूपीएस हवा, एवढं नक्की. वीज गेली तरी बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्युटर चालतो, तेवढ्यात केलेलं सेव्ह करायचं. पण कुठला घ्यायचा? डिचोलीच्या खाणीवरचा नवऱ्याचा दोस्त ट्रकच्या बॅटरीवर स्वतः जोडून द्यायला तयार होता. मला म्हापशाच्या दुकानातला, कंपनीचा हवा होता. रोज जेवताना तोच वाद. शेवटी सासूबाईंनी डाव आपटला. "पुरे आता. देवीक विचारुया."

आमच्याकडे सोयरीक ठरवताना, विहीर खणताना देवीला पाकळ्या लावतात. भट ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यूपीएससाठी पाकळ्या लावणारं आमचंच पहिलं घर असावं. आणि मी, कॉम्प्युटर शिकलेली विदुषी, काय केलं? विरोध? छे! मी वाटेभर सासूबाईंकडून पाठ करून घेतलं. "उजवी म्हणजे कंपनीचो, सारकां सांगा. सहाशे व्हीए. बंद बॅटरी, पाणी घालूक लागणा नाय." त्या नुसत्या "हूं, हूं" करत चालल्या होत्या.

देवळात भटानं विचारलं, "काय विचारूचां?"

सासूबाईंनी पदर सावरला. "माये, माझ्या सुनेचां काम माझ्या घरात चलूंदे काय नको, तां सांग."

मी कोपरानं ढोसलं. सहाशे व्हीए कुठे गेले? एवढ्यात उजवी पाकळी पडली. भटाचं गाऱ्हाणंही पुरं झालं नव्हतं.

पायऱ्या उतरताना मी तणतणले. "आई, यूपीएसचां विचारूचां रवलांच!"

"तां दुकानदाराक विचार. देवीक बॅटरीतलां काय कळतां?"

"मगे इतक्या उन्हात आयलों कित्याक?"

"माका विचारूचां होतां तां मी विचारलां."

इतकं सरळ बोलणं, पण सर्टिफिकेटवाल्या डोक्यात शिरेल तर शपथ! आता नवऱ्याला काय सांगायचं, याच घोरात मी.

दारातच त्यानं विचारलं, "काय जालां?"

"उजवी पडली," म्हणून सासूबाई आडोळीवर नारळ खवायला बसल्या.

"म्हणजे कंपनीचो?" त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"उजवी पडली," मीही म्हटलं. खोटं कोणीच बोललं नाही. देवीला बॅटरीतलं कळतं का, हे त्यानं विचारलं नाही. तेवढा धीर सासूबाई सोडून आमच्या घरात कुणालाच नव्हता.

म्हापशाला सासूबाईही आल्या. दुकानदार व्हीए आणि मिनिटं सांगत होता, मी समजल्यासारखी मान डोलवत होते. त्यांनी प्रत्येक यूपीएस फणसासारखा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "हो घे. जड आसा." मीही तोच निवडला होता, पण माझ्या कारणाला इंग्रजी नाव होतं.

घरी वायरमननं सांगितलं, भिंतीतल्या प्लगला अर्थिंगच नाही. माडाजवळ खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरायला हवा. मिठाचं नाव ऐकताच सासूबाईंची कळी खुलली. कुणाची दृष्ट लागणार नाही, असं म्हणत त्यांनी मिठाची बरणीच रिती केली. यूपीएस रातभर चार्ज केला, आणि सकाळी मी थाटात प्रिंटरसुद्धा त्यालाच जोडला. भार न पेलून यूपीएस असा बोंबलला म्हणता, की पाव विकणारा पोदेर सायकल टाकून दारात आला! प्रिंटर मुकाट्यानं भिंतीच्या प्लगला गेला.

मग एका सकाळी पत्रिकेसाठी एक गृहस्थ वसरीवर बसले होते, आणि वीज गेली. पंखा थांबला. यूपीएस टुकटुकायला लागला. गृहस्थ उठले, चपला शोधू लागले.

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या, हातात कपबशी. "बसा हो, बसा. लाइट गेली म्हणान आमचां काम थांबणा नाय. चाय घेया."

पडदा उजळलेलाच होता, पत्रिका जागच्या जागी. मी मात्र हात कीबोर्डवर ठेवून सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माका काय बघतंस गो?" त्या खेकसल्या. "शेव कर! तुजी पंधरा मिनटां चललीत!"